मॉन्ट्रिऑल कॅनेडियन्स 2025-26: हंगामाच्या सुरुवातीला पाया भक्कम, पण दुसऱ्या सेंटरची जागा अजून रिकामी

मॉन्ट्रिऑल कॅनेडियन्सचा 2025-26 चा संघ एनएचएल या उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकी लीगमधला सर्वात ताकदवान संघ नाही. पण पुढची पाच-सहा वर्षं डोळ्यांसमोर ठेवून शहाणपणानं बांधलेले संघ मोजायला बसलं, तर पहिल्या दोन-तीन नावांत याचं नाव घ्यावंच लागतं. 2021 मध्ये हा संघ स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत गेला, टॅम्पा बेकडून पाच सामन्यांत हरला, आणि पुढच्याच हंगामात 55 गुणांसह 32 संघांत तळाला गेला. तिथून 2024-25 मध्ये 91 गुण आणि प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. पहिल्या फेरीत वॉशिंग्टननं पाच सामन्यांत घरी पाठवलं ते खरं, पण इतक्या तरुण संघानं तिथवर पोचणंच वेळापत्रकाच्या पुढचं होतं.

या बांधणीचं मर्म करारांत आहे. एनएचएलमध्ये खेळाडूंवर किती खर्च करायचा याला मर्यादा असते. ही सॅलरी कॅप 2024-25 मध्ये 8 कोटी 80 लाख डॉलर होती, 2025-26 साठी 9 कोटी 55 लाख झाली, आणि पुढच्या दोन हंगामांसाठी अनुक्रमे 10 कोटी 40 लाख आणि 11 कोटी 35 लाख असे आकडे लीगनं आधीच जाहीर केलेत. म्हणजे आज केलेला लांब मुदतीचा करार, रक्कम तीच राहूनही, दरवर्षी स्वस्त पडत जातो. जनरल मॅनेजर केंट ह्यूज जानेवारी 2022 मध्ये आले. त्याआधी ते खेळाडूंचे एजंट होते, त्यामुळे वाटाघाटीत समोरची बाजू काय विचार करते हे त्यांना पाठ आहे.

कर्णधार निक सुझुकीला वर्षाला 78 लाख 75 हजार डॉलर मिळतात, 2030 पर्यंत. हा करार आधीच्या व्यवस्थापनानं केलेला. ह्यूज यांनी मात्र त्याचा वापर मोठ्या खुबीनं केला: नवा करार करताना कर्णधारापेक्षा जास्त कुणालाच नाही. 2023 मध्ये कोल कॉफिल्डनं 78 लाख 50 हजारांवर सही केली, 2024 मध्ये युराय स्लाफकोव्स्कीनं 76 लाखांवर. दोन्ही करार आठ वर्षांचे. तिघांची बेरीज 2 कोटी 33 लाख 25 हजार होते. 2025-26 च्या कॅपमध्ये ती साधारण 24.4 टक्के आहे, 2027-28 मध्ये तीच साडेवीस टक्क्यांवर येईल. अख्खी पहिली फळी एवढ्या पैशात बांधून ठेवणं फार थोड्या संघांना जमलंय.

कर्णधारापेक्षा जास्त न देण्याची ही मर्यादा 2025 च्या उन्हाळ्यात ह्यूज यांनी स्वतःच ओलांडली. न्यूयॉर्क आयलंडर्सना ड्राफ्टमधले, म्हणजे संघ तरुण खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीतले, 16 आणि 17 क्रमांक आणि एमिल हाइनेमन देऊन डिफेन्समन नोआ डॉब्सनला आणलं, आणि त्याला आठ वर्षं, दरवर्षी 95 लाख दिले. मग हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात लेन हटसनशी 88 लाख 50 हजारांचा आठ वर्षांचा करार झाला, तो 2026-27 पासून लागू होईल. केडन गूलीचे 55 लाख 50 हजार धरले तर या सहा जणांचे 2026-27 मध्ये 4 कोटी 72 लाख 25 हजार होतात, कॅपच्या साधारण 45 टक्के. गाभ्यातल्या सहा खेळाडूंसाठी हे प्रमाण उत्तम आहे. धोका कुठे आहे तेही पाहायला हवं. आठ वर्षांत एखाद्याचा खेळ खुंटला किंवा दुखापतींनी पाठ सोडली नाही, तर सुटका महाग पडते. करार विकत घेऊन मोडला तर उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळ त्याचा बोजा कॅपवर राहतो. या सहांत त्या अर्थानं काळजी वाटावी असा एकच, गूली. खेळ दणकट, अंगावर घेणारा, आणि म्हणूनच दरवर्षी काही ना काही दुखापत. जानेवारी 2025 मध्ये तर मांडीचा स्नायूच कापला गेला होता.

पहिल्या फळीबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. सुझुकीनं 2024-25 मध्ये 30 गोल आणि 59 असिस्ट (साथीदाराच्या गोलला हातभार लावणारे पास) मिळून 89 पॉइंट केले, 1995-96 नंतर या संघात कुणी इतके केले नव्हते. आणि एनएचएलमध्ये आल्यापासून त्या हंगामाअखेरपर्यंत तो एकही सामना चुकलेला नाही. कॉफिल्डचे 37 गोल. तिघांची कामं एकमेकांत अचूक बसतात: स्लाफकोव्स्की कोपऱ्यात घुसून अंगाच्या जोरावर पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, सोडवतो, सुझुकी मध्यभागी पक धरून क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणात कॉफिल्ड बचावपटूच्या पाठीमागून मोकळ्या जागेत सरकतो. हे बिनसतं ते एकाच कारणानं. स्लाफकोव्स्की कडेला उभा राहून पास मागायला लागला, की कॉफिल्डला पक उशिरा मिळतो आणि शॉट अडवला जातो. सव्वासहा फुटांचा हा गडी गोलसमोर उभा राहिला तरच त्याच्या 76 लाखांचं सोनं होतं. गेल्या दोन्ही हंगामांत त्याला सूर सापडायला बराच वेळ लागला, आणि संघाचे हंगामाच्या सुरुवातीचे गुण त्यापायी गेले.

खरी अडचण दुसऱ्या फळीत आहे. हॉकीत सेंटरवर, म्हणजे मधल्या आक्रमक खेळाडूवर, सर्वात जास्त कामं पडतात. फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू होताना पकसाठीची झुंज, त्यानंच घ्यायचा, आपल्या बाजूला खोलवर उतरून डिफेन्समनला मदत त्यानंच करायची, आणि पक सुटल्यावर मधल्या पट्ट्यातून तो वर न्यायचीही जबाबदारी त्याचीच. दुसरा सेंटर कमजोर असला, की प्रतिस्पर्धी आपली सर्वोत्तम बचाव जोडी बिनधास्त सुझुकीच्या फळीवर सोडतो, कारण दुसरीकडून धोका नाही हे त्याला माहीत असतं. घरच्या सामन्यात खेळाडूंचा शेवटचा बदल करण्याचा हक्क यजमानांना असतो, त्यामुळे बेल सेंटर या घरच्या मैदानावर प्रशिक्षक मार्टिन सेंट लुईस यातून वाट काढू शकतात. बाहेरच्या मैदानावर ती सोय नाही.

ही जागा भरण्यासाठी 2022 च्या ड्राफ्टच्या दिवशीच मोठा डाव टाकला होता. अलेक्झांडर रोमानोव्हला आयलंडर्सकडे देऊन तेरावा क्रमांक घेतला आणि तो शिकागोला देऊन कर्बी डाकला आणलं. डाक उंच आहे, हात मऊ, 2019 च्या ड्राफ्टमधला तिसरा खेळाडू. पण 2023-24 च्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला, आणि 2025 मध्ये त्याच गुडघ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. सेंटरचं काम म्हणजे सतत थांबणं, वळणं, पुन्हा निघणं. दोनदा उघडलेल्या गुडघ्याकडून ते मागणं कठीण आहे. त्याला विंगवर, म्हणजे कडेला, खेळवावं, हेच बरं. अ‍ॅलेक्स न्यूहुकचा वेग मोठा आहे, पण बुद्धी विंगरची. मधून खेळताना तो स्वतः जोरात पुढे जातो आणि साथीदारांना मागे सोडतो. जेक इव्हान्स हा चांगला चौथा, फार तर तिसरा सेंटर. ऑलिव्हर कापानेनकडून या हंगामात सर्वात जास्त शिकायला मिळेल: जागा कुठे धरायची हे त्याला कळतं, फिनलंड आणि स्वीडनमध्ये तो प्रौढांविरुद्ध खेळलाय. फक्त दुसऱ्या फळीत लागणारा पासिंगचा दर्जा त्याच्याकडे आहे का, हा प्रश्न उरतो.

उन्हाळ्यात ह्यूज यांनी मोठा सेंटर विकत घेतला नाही, आणि तो निर्णय योग्यच होता. त्या वयाचे, त्या दर्जाचे सेंटर बाजारात येतात तेव्हा बदल्यात तरुण विंगर इव्हान देमिदोव किंवा हटसन मागतात. मात्र एक-दोन वर्षं जागा सांभाळेल असा अनुभवी सेंटर आणायला हवा होता. क्रिस्टियन ड्वोरॅक फिलाडेल्फियाला गेला, योएल आर्मिया लॉस एंजेलिसला, आणि डेव्हिड सव्हार्ड निवृत्त झाला. तिघांची नावं कुणी मोठ्यानं घेत नाही, पण एक खेळाडू कमी असताना किल्ला लढवण्याचं, म्हणजे पेनल्टी किलचं बरंचसं काम त्यांच्याकडे होतं. ते आता सुझुकी आणि इव्हान्सवर जास्त पडेल. सुझुकीची दमलेली मिनिटं ही या संघाला परवडणारी गोष्ट नाही.

बचाव फळीत डॉब्सन का लागला, हे हातांवरून समजतं. हटसन, गूली, माइक मॅथेसन, आर्बर जेकाय, जेडन स्ट्रूबल हे सगळे डावखुरे. उजव्या बाजूला डावखुरा डिफेन्समन उभा केला, तर कडेच्या भिंतीवरून येणारा पक त्याला बॅकहँडवर घ्यावा लागतो. पास द्यायला अर्धा सेकंद जास्त लागतो, आणि तेवढ्यात फोरचेकर, म्हणजे पुढे घुसून दबाव टाकणारा प्रतिस्पर्धी, अंगावर येतो. गूलीला बराच काळ असं उलट्या बाजूला खेळवलं गेलं. डॉब्सन उजवा आहे, उंच आहे, आणि 2023-24 मध्ये त्यानं 70 पॉइंट केले होते. पुढच्या हंगामात ते 39 वर आले, तरी हा सौदा चांगलाच म्हणायचा. मॅथेसनवर दर सामन्याला 25 मिनिटांच्या आसपास खेळण्याची वेळ येत होती, ती आता कमी होईल, आणि दमल्यावर तो ज्या चुका करतो त्याही कमी होतील. डॉब्सनच्या मागे उजव्या हाताचा भरवशाचा माणूस म्हणजे अलेक्झांडर कारिये. त्यानंतर पाटी कोरी आहे, कारण लोगन मायूला सेंट लुईस ब्लूजकडे देऊन विंगर झॅक बोल्डुक घेतला. बोल्डुकनं 2024-25 मध्ये 19 गोल केले होते. सौदा दोन्ही बाजूंनी रास्त वाटतो, पण उजव्या बाजूची फट त्यानं वाढली.

आणि हटसन. 2022 च्या ड्राफ्टमध्ये उंची पावणेसहा फूट म्हणून एकापाठोपाठ एक संघांनी त्याला सोडलं आणि तो 62 व्या क्रमांकावर मॉन्ट्रिऑलला मिळाला. 2024-25 मध्ये त्यानं 6 गोल, 60 असिस्ट करून सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेतली, आणि नवोदित डिफेन्समनच्या असिस्टच्या लॅरी मर्फीच्या विक्रमाशी बरोबरी केली. त्याचा खेळ निळ्या रेषेवर जवळून पाहावा. पक घेऊन तो आडवा सरकतो, खांदा आत झुकवतो, समोरचा विंगर त्या बाजूला वजन टाकतो, आणि त्याच क्षणी हटसन टाचा एकमेकींकडे वळवून, दोन्ही पाय उघडून, पाठ न फिरवता उलट दिशेला निघतो. समोरच्याचं वजन चुकीच्या पायावर असतं, त्यामुळे त्याला वळायला एक पाऊल जास्त लागतं. हटसनला तेवढं पुरतं. कमजोरी गोलसमोर दिसते: मोठा फॉरवर्ड अंगावर टेकला की त्याला हलवता येत नाही, म्हणून त्याच्यासोबत आडदांड जोडीदार लागतोच. प्रतिस्पर्ध्यांना हे माहीत आहे. ते पक मुद्दाम त्याच्या कोपऱ्यात टाकून त्याला धडका देतात, आणि 82 सामन्यांत त्याचा हिशोब शरीरावर चढत जातो.

पॉवर प्लेची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू कमी असतानाच्या खेळाची, भूमिती तर सुरेख जुळलीय. वर हटसन, डाव्या वर्तुळात उजव्या हाताचा कॉफिल्ड, उजव्या भिंतीकडे डावखुरा इव्हान देमिदोव, मध्यभागी सुझुकी आणि गोलसमोर स्लाफकोव्स्की. कॉफिल्ड आणि देमिदोव दोघांच्याही स्टिकचं पातं मधल्या बाजूला असल्यामुळे आडवा पास न थांबवता थेट मारता येतो. यात पॅट्रिक लायनेला कुठे बसवायचं हा प्रश्न आहे. तोही डाव्या वर्तुळातून मारणाराच, 2026 पर्यंत वर्षाला 87 लाख घेणारा, आणि समान संख्येच्या खेळात पायांनी मागे पडणारा. त्याला दुसऱ्या पॉवर प्ले गटात ठेवून करार संपू द्यावा.

गोलकीपरच्या बाबतीत संघ ठीक आहे, याहून जास्त म्हणता येत नाही. सॅम मॉन्टेम्बोला 2021 मध्ये फ्लोरिडानं वेव्हर्सवर, म्हणजे इतर कुठल्याही संघानं फुकट न्यावं अशा यादीत, सोडलं होतं, तिथून त्याला फुकटात उचललं. 2024-25 मध्ये 31 विजय आणि .902 ची सेव्ह टक्केवारी, म्हणजे दर हजार शॉटमागे 902 अडवलेले. 31 लाख 50 हजारांत हे स्वस्तच. पण 62 सामने हा त्याच्यासाठी जास्तीचा भार होता, यंदा ते पन्नासच्या आत राहावेत. याकुब डोबेश उंच आहे, पहिल्याच सामन्यात त्यानं फ्लोरिडाला एकही गोल करू दिला नव्हता. फक्त तो पुढे येऊन कोन बंद करण्याच्या नादात कधी कधी जागा सोडतो, आणि आडवा पास आला की त्याला परतायला अंतर जास्त पडतं.

तरुण खेळाडूंपैकी देमिदोवबद्दल दुमत नाही. 2024 च्या ड्राफ्टमध्ये शिकागो, अनाहाइम आणि कोलंबस यांनी दुसऱ्यांना पसंती दिली आणि तो पाचव्या क्रमांकावर हाती लागला. सेंट पीटर्सबर्गच्या एसकेएकडून 2024-25 मध्ये त्यानं 49 पॉइंट केले. केएचएल या रशियातल्या मुख्य लीगच्या एका हंगामात 20 वर्षांखालच्या खेळाडूनं केलेले हे सर्वाधिक, तेही कित्येक सामन्यांत मोजकीच मिनिटं मिळत असताना. एप्रिल 2025 मध्ये एनएचएलच्या पहिल्याच सामन्यात एक गोल, एक असिस्ट. पक अंगापासून लांब धरून बचावपटूला हात पुढे करायला लावायचा आणि मग त्याच्या हाताखालून पास काढायचा, ही त्याची खासियत. सुधारायचं ते एवढंच की रशियात बऱ्याच ठिकाणच्या मोठ्या बर्फावर मिळणारा वेळ इथे मिळत नाही. एनएचएलचा बर्फ 85 फूट रुंद आहे, पारंपरिक आंतरराष्ट्रीय मापाचा जवळपास 98 फूट. तिथे सुटणारी तिसरी हुलकावणी इथे अंगाशी येते. त्याला कुठल्या सेंटरसोबत खेळवायचं, हा प्रश्न पुन्हा त्याच रिकाम्या जागेपाशी आणून सोडतो.

त्या जागेचं दीर्घ मुदतीचं उत्तर बहुधा मायकेल हेज. 2024 मध्ये लॉस एंजेलिसशी अदलाबदल करून 26 वरून 21 व्या क्रमांकावर सरकून त्याला घेतलं. उजव्या हाताचा सेंटर, मधल्या पट्ट्यात वेगानं पक नेणारा, मिशिगन विद्यापीठाकडून खेळणारा. कॉलेज हॉकीत हंगामाला जेमतेम 40 सामने, तेही बहुतेक शुक्रवार-शनिवारी, म्हणून आठवडाभर जिममध्ये अंग कमवायला वेळ मिळतो. हेजला नेमकं तेच हवंय. घाईनं करार करून त्याला आणणं ही मोठी चूक ठरेल.

डेव्हिड राइनबाखर हा 2023 चा पाचवा क्रमांक. ऑस्ट्रियाच्या खेळाडूंत ड्राफ्टमध्ये इतक्या वर थॉमस व्हानेकच निवडला गेला होता, 2003 मध्ये. उजव्या हाताचा, शांत, पहिला पास अचूक देणारा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्याचा 2024-25 चा मोठा भाग वाया गेला. सातव्या क्रमांकावर गेलेल्या मात्वे मिचकोवशी त्याची तुलना होत राहते, ती त्याच्यावर अन्याय करणारी आहे. उजव्या बाजूची फट पाहिली की तो संघाला किती हवाय ते कळतं. लावालमधल्या दुय्यम संघात दर रात्री 22 मिनिटं खेळणं त्याला मॉन्ट्रिऑलमध्ये 12 मिनिटं खेळण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. गोलकीपर जेकब फाउलरचंही तसंच. 2023 च्या तिसऱ्या फेरीत, 69 व्या क्रमांकावर मिळालेला हा मुलगा बॉस्टन कॉलेजकडून 2025 चा कॉलेज हॉकीतला सर्वोत्तम गोलकीपर ठरला. त्याच्यात सर्वात आवडण्यासारखी गोष्ट म्हणजे हालचालींची काटकसर. तो आधीच योग्य जागी असतो, म्हणून झेप घ्यावीच लागत नाही.

लावाल रॉकेट हा दुय्यम संघ नदीपलीकडेच आहे. सकाळी कुणी आजारी पडला तर संध्याकाळच्या सामन्याला खेळाडू गाडीनं येऊ शकतो, ही सोय अनेक संघांना नाही. पण वर-खाली पाठवण्याला नियमांची काटेरी बाजू आहे. मुख्य संघात जास्तीत जास्त 23 जण, त्यातले 20 सामन्याला उतरतात. ठरावीक वर्षं किंवा सामने झालेल्या खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी 24 तास वेव्हर्सवर ठेवावं लागतं, आणि बाकीच्या 31 पैकी कुठलाही संघ त्याला फुकट नेऊ शकतो. स्ट्रूबल आणि जेकाय दोघांनाही हा नियम लागतो, म्हणून दोघांपैकी एक कायम बाहेर बसूनही मुख्य संघातच राहतो. उलट अ‍ॅडम एंगस्ट्रॉम आणि ओवेन बेक यांना वेव्हर्स लागत नाहीत, म्हणून चांगला खेळ करूनही तेच आधी लावालला जातात. बेकची पंचाईत जास्त वाटते. फेसऑफ चांगला, पायांत वेग, 2024 च्या मेमोरियल कप या ज्युनियर हॉकी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. पेनल्टी किलची जी मिनिटं मोकळी झालीत ती त्यालाच द्यावीत. निर्णय संघानं लवकर घ्यावा, कारण चौथ्या फळीत आठ मिनिटं आणि मग पुन्हा लावालची बस, अशानं कुणी घडत नाही.

ब्रेंडन गॅलघर 65 लाख आणि जॉश अँडरसन 55 लाख, दोन्ही करार 2027 ला संपतात. दोघंही मेहनतीत कधी कमी पडत नाहीत, पण ते 1 कोटी 20 लाख मोकळे होतील त्याच उन्हाळ्यात देमिदोवचा पहिला करारही संपतो. त्याच्याशी वाढीव करार 1 जुलै 2026 पासून करता येईल. सप्टेंबर 2026 च्या मध्यापासून खेळाडू संघटनेशी झालेला नवा सामंजस्य करार लागू होतो, आणि त्यात आपल्याच खेळाडूला देता येणारी कमाल मुदत आठवरून सात वर्षांवर येते. म्हणजे देमिदोवला आठ वर्षांसाठी बांधायचं असेल, तर ह्यूज यांच्या हातात अडीच महिने आहेत. रक्कम डॉब्सनच्या 95 लाखांच्या खाली राखता येईल असं वाटत नाही, आणि तसा हट्टही धरू नये.